पडवीतला लेथ

"नवरा हत्यारं निवडतोय" हे वाक्य मी तीन वर्षं लोकांना सांगत होते. शेजारणी विचारायच्या, "काय गं, मशीन चालू झालं का?" मी म्हणायची, "नाही अजून, हत्यारं निवडतायत." पहिल्या वर्षी हे सांगताना मला थोडा अभिमान वाटायचा. दुसऱ्या वर्षी मी ते भांडी घासता घासता, वर न बघता सांगायला लागले. तिसऱ्या वर्षी बायकांनी विचारणंच सोडलं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

शिळफाट्याला आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागे पत्र्याची पडवी. त्या पडवीत लाकूड कातायचा एक छोटा लेथ होता. कर्जतला खेळणी बनवणारा एक लहान कारखाना बंद पडला, तिथून ह्यांनी तो टेंपोत घालून आणला होता. एका बाजूला मोटर आणि फिरणारं डोकं, समोरच्या बाजूला पुढेमागे सरकणारं लोखंडी टोक, मधे हत्यार टेकवायची पट्टी. लाकूड त्यात धरायचं, फिरवायचं, पटाशी लावायची. लाटणं म्हणा, पाटाचे पाय म्हणा, पाळण्याचे खांब म्हणा, हवं ते निघतं. निघतं म्हणे. आमच्या पडवीत तीन वर्षांत त्यातून भुसासुद्धा निघाला नाही. कोंबडी मात्र त्याच्या खाली दोनदा अंड्यावर बसली.

हे, म्हणजे आमचे हे, साजगावच्या एका कारखान्यात टर्नर होते. (नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि ती या वयात मोडायची मला हौस नाही.) लोखंड कातायचे. कातलेल्या लोखंडावरून अंगठ्याचं नख फिरवून केसाएवढा फरक सांगायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक मला येऊन सांगत. घरी मात्र एक खिळा धड ठोकला नाही. कारखान्यातली ऐट कारखान्यातच.

मग कारखान्यात अपघात झाला. लेथच्या फिरत्या डोक्यावर चक असतो. म्हणजे पोलादाची मूठच म्हणा, तिला तीन नाहीतर चार जबडे असतात आणि ते काम आवळून धरतात. पावसाळ्याचे दिवस, गारठा म्हणून ह्यांनी लांब बाहीचा शर्ट घातला होता. बाही त्या जबड्यात गेली. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

कंपनीनं नोकरी घालवली नाही, गेटवर बसवलं. सगळे म्हणाले, नशीब चांगलं. मीही म्हटलं. पण गेटवरचं काम काय होतं ते मला नंतर कळलं. खाकी कपडे, खिशात शिट्टी, आणि पाळी सुटली की सुटलेल्या माणसांची झडती घ्यायची. माणसं रांगेनं यायची, दोन्ही हात वर करायची आणि ह्यांनी त्यांचे खिसे, कंबर, डब्याची पिशवी चाचपायची. त्यातल्या निम्म्यांना ह्यांनीच हाताला धरून मशीन शिकवलेली. ती बिचारी हसून हात वर करायची, आणि त्यांच्या हसण्यानं ह्यांचं जेवण जायचं. घरी आले की हातपाय धुऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "मी काय चोर पकडाया जन्मलोय काय गं?"

लेथ आणला त्या दिवशी मात्र बोलले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे तोंड करून बोलले. "हा चालू झाला ना, का गेट सोडतो बघ." शिळफाट्याच्या एका भांडीवाल्यानं लाटणी-पोळपाट घ्यायचं तोंडभरून कबूलही केलं होतं. मी कोंडाण्याला माहेरी निरोप धाडला. बांधावरचं शिवणीचं जुनं झाड वादळात पडलं होतं, त्याचं लाकूड माझ्या भावानं चिरून, सावलीत सुकवून, आणून पडवीत रचून दिलं. जाताना म्हणाला, "ताय, पहिलं लाटणं आमच्या घरला." मी म्हटलं, "दिवाळीला घेऊन येते." कुठल्या दिवाळीला ते मी सांगितलं नाही हे बरं झालं.

कारण पुढे जे सुरू झालं ते म्हणजे नमनालाच घडाभर तेल.

आधी पटाश्या. लाकूड कातायच्या पटाश्या वेगळ्या असतात, हे मी तोवर ऐकलंही नव्हतं. ह्यांनी जुन्या कानशी आणल्या आणि त्या घासून पटाश्या करायला घेतल्या. रोज संध्याकाळी घर्र घर्र. घरभर काळी पूड, माझ्या धुतलेल्या तांदळावरसुद्धा. सगळ्या घासून झाल्या, धार लागली, चकाकायला लागल्या, आणि हे म्हणाले, "कानशीचं पोलाद ठिसूळ हाय. लाकडात अडकली का काचेवानी फुटल. तुकडा डोळ्यात गेला मंजी?"

"हे आधी माहीत नव्हतं?"

"आधी नीट बघितलं नव्हतं."

मग ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आला. हमरस्त्यावर राहतो, गॅरेजं दाराशी, पाट्यांना काय तोटा! तो कर्जतच्या लोहाराकडे गेला आणि पटाश्या होऊन परत आला. ह्यांनी एक उचलली, धारेवर कानस फिरवली, तोंड वाकडं केलं. "तापवून पाणी बराबर दिलेलं नाय. धार टिकायची नाय." मग मुंबईहून एका मित्रानं दुकानातल्या आणल्या. त्या निघाल्या सुताराच्या, हातोडीनं ठोकायच्या. "ह्या आखूड पडतात, हात फिरत्या लाकडाच्या जवळ जातो." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. हातात पीठ होतं आणि डोक्यात राग.

शेवटी एकदाच्या बरोबर पटाश्या मिळाल्या. लांब पात्याच्या, एक गोल, एक तिरकी, एक अरुंद. मी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, "आता मुठी पायजेत."

"मग बसवा."

"बाजारच्या बसत नाय. लांब मूठ लागती. लेथवर कातून घ्यायला लागल."

"मग काता."

"कशानं कातू? पटाश्यांना मुठी नायत ना!"

आधी कोंबडी की आधी अंडं, हे कोडं लहानपणी भाऊ मला घालायचा. ते पडवीत माझ्यासमोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. मी कुदळीचा जुना दांडा आणून समोर आपटला. त्यावरही हे म्हणाले की दांड्याला गोलाई नाही. तरी त्याच्याच मुठी झाल्या, कारण मी स्वतः विळीवर बसून त्याचे तुकडे तासले आणि जेवायच्या ताटाशेजारी नेऊन ठेवले. ह्यांनी त्या बसवल्या निमूट.

मला वाटलं, झालं. सुटलो. पण आता चक आला.

पटाश्यांपेक्षा चकानं माझा जीव जास्त खाल्ला. पहिला तीन जबड्यांचा, भंगारवाल्याकडून आणलेला. एका हातानं उचलेना. "एवढ्या लहान लेथला ह्याचा भार झेपत नाय, आनि जबड्यानं लाकूड चेपतं." पटण्यासारखं होतं. परत गेला. मग चार जबड्यांचा. त्याचा एकेक जबडा वेगळा आवळायचा आणि ते बाहेर डोकावतात. परत. मग एक नुसत्या वाटीसारखा. त्याला जबडेच नव्हते, त्यात लाकूड ठोकून बसवायचं. मी म्हटलं, हा तरी? हे म्हणाले, "लाकूड सुकलं का ढिलं व्हनार, आनि फिरता फिरता सुटनार. कपाळमोक्ष." मग मधे स्क्रू असलेला. "लाटन्यासारखं लांब काम ह्याच्यावर ठरत नाय."

प्रत्येक कारण खरं होतं, हीच पंचाईत होती. खोटं असतं तर मी भांडले असते. आणि गंमत अशी की चक आला की हे तो मोठ्या प्रेमानं पुसायचे, तेल द्यायचे, डोक्यावर चढवायचे, शिवणीचा तुकडा धरायचे आणि हातानं फिरवायचे. हातानं. मोटर लावायची नाही. हळूहळू एक फेरा, दोन फेरे, मान तिरकी करून बघायचे, तोंडानं च्यक करायचे आणि सगळं सोडवून ठेवायचे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. सकाळी मी महिला मंडळाच्या बालवाडीत शिकवायला जायची. तिथली पोरं असंच करायची. पाटी पुसायची, पेन्सिलीला टोक काढायची, परत पाटी पुसायची, आणि अक्षर काढायची वेळ आली की शू लागायची.

एकदा तोंडातून गेलंच माझ्या. "नाचता येईना अंगण वाकडं!"

हे उठून कामाला गेले, खरं तर पाळीला अजून वेळ होता. त्यांना नाचता येत होतं हे सगळ्या साजगावला माहीत होतं, मलाही माहीत होतं, म्हणून तर ते बोलणं इतकं लागलं. पण मी तरी काय करायचं? रोज तोच भिंतीकडे तोंड केलेला माणूस, रोज तीच खाकी धुवायची. माझ्या भावाचं लाकूड भुंग्यांनी पोखरायला घेतलं होतं. भांडीवाल्यानं दुसरीकडून माल भरला. आणि आमचं हे भिजत घोंगडं.

तिसरा दसरा आला. दसऱ्याला हत्यारांची पूजा. ह्यांनी पाटावर लाल फडकं घातलं, पटाश्या ओळीनं मांडल्या, शेवटचा आणलेला चक मधे ठेवला. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. मी नैवेद्याचं ताट घेऊन आले आणि त्या पटाश्यांकडे बघून मला रडूच यायला लागलं. एकीच्याही पात्यावर डाग नाही. लाकडाला कधी लागल्याच नव्हत्या. माझ्या माहेरी नांगराची पूजा होते, त्याच्या फाळाला माती असते. इथे तीन वर्षं आम्ही कोऱ्या हत्यारांना ओवाळत होतो.

संध्याकाळी ह्यांचा कारखान्यातला मित्र सोनं द्यायला आला. तोही टर्नर. आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडला, मग पाटापाशी उकिडवा बसला. "काय पटाश्या हायत रं! बेस जमवल्यास. मग अडलंय कुठं?"

"चक मनासारखा गावत नाय," हे म्हणाले.

"बनवतोयस काय?"

ह्यांच्याआधी मीच बोलले. "लाटणी."

तो हसायलाच लागला. "वैनी, लाटन्याला चक कशाला पायजे? इकडं एक टोक, तिकडं एक टोक, मधी लाकूड दाबायचं नि चालू करायचं. चक काढूनच ठेवायचा. अवो, हे मला कोनी शिकवलं? ह्यानंच तर..." आणि ह्यांच्या तोंडाकडे बघून तो थांबला. मग भात कसं आलंय, लोंब्या भरल्या का, असलं काहीबाही बोलला, चहा अर्धा ठेवला आणि गेला.

मी ताट तसंच धरून उभी. खरं घोडं कुठे पेंड खात होतं ते अजून मला दिसत नव्हतं, पण चकात ते नव्हतं एवढं नक्की.

"तुम्हाला माहीत होतं?"

हे झेंडूचं फूल सारखं करत होते. "व्हतं."

"पहिल्यापासून?"

"हां."

"मग लावा लाकूड. आत्ता. माझ्यासमोर."

"आज दसरा हाय. आज हत्याराला हात लावायचा नसतो."

आणि मला गप्प बसावं लागलं! नांगर त्या दिवशी जुंपत नाहीत, हे मीच घरात सगळ्यांना सांगणारी. पण मनाशी ठरवलं, उद्या तर दसरा नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांची साप्ताहिक सुट्टी होती, बालवाडीही बंद. चहा झाल्याबरोबर मी पडवीत गेले. चक उतरवून ठेवला होताच. शिवणीचा एक बरा तुकडा घेतला, एक टोक फिरत्या डोक्यातल्या दातेरी खिळ्यावर ठोकून बसवलं, समोरचं टोक फिरवून आवळलं. ह्यांना लाकूड धरताना इतक्या वेळा बघितलं होतं की डोळे मिटून केलं असतं. हे दारात आले. "काय करतेस?" मी पदर खोचला, बाह्या वर सारल्या आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

घरघर करून लाकूड फिरायला लागलं. चौकोनी तुकडा होता, फिरता फिरता गोल दिसायला लागला, सगळं टेबल थरथरायला लागलं. मी तिरकी पटाशी उचलून मागे वळले, ह्यांच्या हातात द्यायला.

हे भिंतीला पाठ टेकून उभे होते. डावा हात उजव्या काखेत दाबून धरलेला. कपाळावर घाम. ओठ पांढरे. पाळी सुटल्यावर झडतीला उभी राहिलेली माणसं मी कधी पाहिली नव्हती, पण घाबरलेलं माणूस कसं दिसतं ते मला कळत होतं. मी बटण बंद केलं.

लाकूड फिरत फिरत थांबलं.

"चक मिळाला असता ना," हे म्हणाले, "तर चालू करायला लागलं असतं गं."

मला दया यायला हवी होती. मला राग आला, चांगला संताप आला. तीन वर्षं! माझ्या तांदळात लोखंडाची पूड, माझ्या भावाचं लाकूड, शेजारणींपुढे झालेलं माझं हसं. "भीती वाटते हे सांगायला काय झालं होतं? मी परकी होते?"

"सांगून काय? तू म्हनली असतीस, भिऊ नका. नि मी भ्यालो असतोच."

यावर मी पटाशी खाली ठेवली आणि तिथेच दळणाच्या डब्यावर बसले. मग म्हटलं, "मी बटणापाशी उभी राहते. बोट बटणावर. तुम्ही नुसतं हूं म्हणा, बंद. म्हणायच्या आधी मला दिसलं तरी बंद."

तसं केलं. पहिल्यांदा पटाशी टेकली तेव्हा हूं आलं, लगेच. परत टेकली, परत हूं. मी चालू-बंद, चालू-बंद. मग एकदा हूं आलं नाही. शिवणीची पिवळी साल लांबच लांब सुटून ह्यांच्या मनगटावर पडली, आणि त्यांचा खांदा खाली आला. पहिलं लाटणं एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक झालं. मी भावाला दिलं. वहिनी म्हणाली, पोळी एकीकडेच पळते.

पुढे ते काम सुधारलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बालवाडीतून आले की आम्ही पडवीत. एक दिवस असं लाटणं निघालं की ह्यांनी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि स्वतःशी मान हलवली. भांडीवाल्यानं नमुना बघितला, म्हणाला, आणा किती आणता ते. मी घरी येईपर्यंत मनात गेट सोडलंसुद्धा होतं. खाकीचं पोतेरं करायचं, एवढंच राहिलं होतं.

मी म्हटलं, "आता द्या सोडून."

"बघू," म्हणाले.

पुढच्या सुट्टीला मी भाच्याच्या कामाला कोंडाण्याला गेले. निघताना लाकूड लावून गेले. "मी नाही म्हणून बसून राहू नका, जमतंय आता तुम्हाला." संध्याकाळी आले, तर लाकूड होतं तसं. पटाश्या ओळीनं. हे समोर स्टुलावर बसलेले, आणि चहाचा कप तसाच भरलेला, वर साय धरलेली.

"बटणापरेंत हात जातो," हे म्हणाले. "दाबत नाय."

मी काही बोलण्याआधी त्यांनी विचारलं, "गेट सोडलं तर रोज दिवसभर कातायला लागल. तू उभी ऱ्हाशील?"

"राहीन."

"बालवाडी?"

मी जरा थांबले. अगदी जरा. ओवी म्हणायलाही पुरणार नाही एवढं. मग म्हटलं, "सोडेन. त्यात काय!"

हे उठले. लाकूड सोडवलं, बाजूला रचलं. पटाश्या फडक्यात गुंडाळल्या. आणि अगदी साध्या आवाजात, मीठ आणायला जातो म्हणावं तसे म्हणाले, "नको. दिवसभर बटनापाशी उभं ऱ्हायचं, ते बी गेटच. गेटावर मी एकलाच पुरतो."

मी भांडले. वाट्टेल ते बोलले. घाबरट म्हटलं, हट्टी म्हटलं, माझं मी बघेन म्हटलं. पुढे रिटायर होईपर्यंत ते गेटवर होते, आणि सुट्टीच्या दुपारी आम्ही लाटणी करत राहिलो, मी बटणावर बोट ठेवून.

त्या दिवसानंतरची सकाळ मला आठवते. पहिली पाळी होती. ह्यांनी खाकी चढवली, शिट्टी खिशात टाकली, मी डबा दिला. मग मी बालवाडीत गेले, पोरांना ओळीत उभं केलं, आणि त्यांनी काही केलेलं नसताना सगळ्यांवर ओरडले.